सारखे ते छाटावे

त्या राज्यात पाणी वर होते आणि तहान खाली होती. वरच्या पठारावर तळे होते, तळ्याला दगडी दारे होती आणि दारांपाशी दरबार होता. खाली खोऱ्यात नदीचे पात्र होते, आणि दारे बंद असत तोवर ते कोरडे पडलेले असे. काठावरची हिरवी जमीन दरबाऱ्यांनी आपल्या कुरणांसाठी घेतली होती. त्यामुळे खोऱ्यातले ससे, उंदीर, साळिंदरे आणि मुंगसे पात्रातल्या वाळूतच बिळे करून राहत. दारे उघडायची झाली की वरून आधी निरोप येई आणि मग पाणी. या दोहोंच्या मध्ये जो वेळ सापडे, त्यात पोरेबाळे उचलायची आणि डोंगरउतारावर चढायचे. खोरे त्या वेळेवर जगत होते.

नदी डोंगराला मोठा वळसा घालून खाली येई. निरोप मात्र डोंगराच्या पोटातल्या भुयारातून थेट येई. भुयारात शेजारी शेजारी चर खोदलेले होते. एक पाण्याच्या निरोपाचा, एक लग्नकार्याचा, एक आजारपणाचा, असे पुष्कळ. चरांमध्ये भिंती नव्हत्या. निरोप विसरू नये म्हणून धावणारे तो मोठमोठ्याने घोकत जात, आणि एका चरातले शब्द दुसऱ्या चरात सांडत.

फार पूर्वी एका निरोपामागे एकच धावणारा असे. एकदा पाण्याचा निरोप घेऊन निघालेला ससा शेजारच्या चरातले शब्द कानात भरून खाली पोहोचला आणि म्हणाला, "दारे उघडली आहेत, नवरीला घेऊन या." खोरे नटूनथटून नवरीसह पात्रातून वर चालू लागले. ते लग्न कुठे लागले हे सांगायला त्यांतले कोणी परत आले नाही.

त्यानंतर एका कडवट स्वभावाच्या साळिंदराने नवी रीत घालून दिली. एका निरोपामागे दोघांनी धावायचे. एकाने शब्द आहे तसा न्यायचा आणि दुसऱ्याने नेमका त्याच्या विरुद्ध न्यायचा. वाटेत जे सांडेल ते दोघांवर सारखेच सांडेल. खालच्या तोंडाशी दोन दगड मांडायचे, डावा सरळ शब्दाचा, उजवा विरुद्ध शब्दाचा. मधे ऐकणारीने बसायचे आणि दोघांचे बोलणे एकाच वेळी ऐकायचे. जे दोघांच्या तोंडी सारखे असेल ते भुयारातली घाण समजून छाटून टाकायचे. जे एकमेकांशी भांडेल तोच निरोप, आणि डाव्या दगडावरून ऐकू येईल तो त्याचा खरा चेहरा. शिवाय असेही ठरले की ऐकणारीने हाक दिल्याखेरीज खोऱ्यात कोणीही बीळ सोडायचे नाही, मग सख्खा बाप ओरडत का येईना.

आधी या कामावर मित्रांच्या जोड्या नेमल्या होत्या. त्या चालल्या नाहीत. मित्र एकमेकांवर विसंबत, एक पुढे जाई, दुसरा दम खात बसे. मग एकाचा पहिला शब्द दुसऱ्याच्या तिसऱ्या शब्दाशी जुळवावा लागे आणि ऐकणारीच्या हाती नुसता भुसा येई. म्हणून साळिंदराने वैऱ्यांच्या जोड्या लावल्या. एक साप आणि एक मुंगूस.

वैरी कधी मागे राहत नाहीत. पुढे गेले तर पाठ उघडी पडते, मागे पडले तर दुसरा कुठे दबा धरून बसेल याचा नेम नसतो. साप आणि मुंगूस एकमेकांचा श्वास मोजत, डोळ्याला डोळा लावून, सारा वेळ एकमेकांभोवती फिरत भुयार उतरत. त्या फिरण्यामुळे शेजारच्या चराच्या बाजूला कधी साप असे, कधी मुंगूस, आणि शेजारून सांडणारे शब्द दोघांच्या वाट्याला सारखे येत. त्यांना हे काही ठाऊक नव्हते. त्यांना फक्त एकमेकांचा गळा दिसत होता.

पाण्याच्या चरात त्या काळी एक धामण आणि एक मुंगूस धावत असत. धामण सरळ शब्दाची, मुंगूस विरुद्ध शब्दाचा. जाताना ते दरबाराचा निरोप नेत आणि येताना खोऱ्याची गाऱ्हाणी आणत. खालच्या दगडांमध्ये एक चिचुंद्री बसे. तिला डोळ्यांनी फारसे दिसत नसे, तिच्या वासामुळे कोणी तिच्याजवळ बसत नसे, आणि ती कोणाशी वादही घालत नसे. दगडांवरून आलेला शब्द तेवढा ती ऐके, बाकी जगाकडे तिची पाठ होती.

पठारावर गवा राज्य करीत होता. बोललेला शब्द पुढे कसा जातो हे पाहायची त्याला कधी गरज पडली नव्हती. पण एके दिवशी त्याचा दिवाण तरस त्याला घेऊन भुयाराच्या तोंडाशी आला. दरबाराचा पसारा महाराजांनी एकदा नजरेखालून घालावा, असे त्याचे म्हणणे होते.

"दारे उघडावीत," गवा म्हणाला.

"दारे उघडावीत," धामण म्हणाली.

"दारे उघडू नयेत," मुंगूस म्हणाला.

गव्याचे कान हलले. "हा काय म्हणाला?"

"रोज असंच म्हणतो, महाराज," तरस हसत म्हणाला. तरस प्रत्येक गोष्ट हसतच सांगे, त्यामुळे तो कधी रागावला आहे हे समोरच्याला उशिरा कळे.

"माझ्या देखत?"

"आपल्या देखत तसंच आणि आपल्या पश्चातही तसंच," मुंगूस म्हणाला. त्याची नजर धामणीवर होती, राजाकडे वळून पाहायची त्याची सोय नव्हती. "आपण जे म्हणाल ते मी नाही म्हणायचं. माझं कामच ते आहे."

असे उत्तर मऊ आवाजात दिले असते तर कदाचित खपले असते. पण मुंगसाचा आवाज मऊ नव्हता, आणि राजाशी बोलताना राजाकडे पाठ ठेवणारा प्राणी दरबारात आजवर कोणी पाहिला नव्हता.

त्याच दिवशी तरसाने भुयार सुधारायला घेतले. राजाच्या तोंडून निघालेल्या शब्दाच्या विरुद्ध शब्द राजाच्याच खर्चाने वाहून नेला जातो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे त्याने जाहीर केले. यापुढे दोघांनी एकच शब्द न्यायचा. एकमेकांकडे डोळे वटारायचे नाहीत, एकमेकांभोवती फिरायचे नाही, शेजारी शेजारी सरळ चालायचे. मुंगसे भुयारातून हाकलली गेली. त्यांच्या जागी तरसाच्या मर्जीतले साप आले. पाण्याच्या चरात धामणीला जोडीदार म्हणून एक विरोळा, म्हणजे पाणसाप, मिळाला. तो गोंडस होता आणि धामण काही म्हणायच्या आतच तो तेच म्हणू लागे. याखेरीज तरसाने पाण्याच्या चराला लागूनच एक नवा चर खोदला. त्यातून दिवसभर एक धिप्पाड जोडी फक्त "सर्व क्षेम आहे" असे ओरडत येरझारा घाली.

बोलणाऱ्यांची अशी सुधारणा झाली. ऐकणाऱ्यांना मात्र कोणी काही कळवले नाही. ऐकणाऱ्यांची सुधारणा करावी लागते, हे दरबारात कोणाच्या ध्यानातच आले नाही.

मुंगसाच्या ध्यानात ते पहिल्याच क्षणी आले होते. दोघे सारखेच बोलले तर खाली चिचुंद्री सगळेच छाटून टाकील, हे त्याला स्वच्छ दिसत होते. तो एका शब्दाने बोलला नाही. त्याला खोऱ्यात परत जायला मनाई झाली होती. दारांजवळच्या एका खडकात तो दात खात बसून राहिला. मला काढलेत ना, आता ऐका शांतता, असे तो मनाशी म्हणे आणि त्यात त्याला सुख वाटे. खाली पात्रात त्याची बायको आणि पिले होती. पण उन्हाळा होता, तळे उतरलेले होते, दारे उघडण्याचे काही कारण दिसत नव्हते. तेवढ्या भरवशावर त्याने आपला राग मुरवत ठेवला.

धामणीने मुंगूस गेला त्या दिवशी पोटभर बेडूक खाल्ले. नंतर तिची भूक गेली. विरोळ्याबरोबर चालताना तिला झोप येऊ लागली. तो नेहमी उजव्या बाजूने, नव्या चराला चिकटून चाले, कारण तिकडच्या घोषाने त्याला बरे वाटे. पाठीमागे कोणी गळ्यावर टपलेले नाही म्हटल्यावर धामणीची चालही सैल पडली, आणि विरोळा तिच्यासाठी थांबून राही.

खाली चिचुंद्री डाव्या कानाने धामणीला आणि उजव्या कानाने विरोळ्याला ऐके. दोघे सारखे बोलत, तेवढे सगळे ती छाटून टाकी. मग विरोळ्याच्या एकट्याच्या अंगावर नव्या चरातून जे सांडलेले असे, तेवढेच तिच्या हाती उरे. डावीकडे त्याच्याशी भांडायला काही नसे, म्हणून ती खोऱ्याकडे तोंड करून तेच सांगे.

"सर्व क्षेम आहे."

मुंगसाच्या बायकोने एकदा तिला गाठून विचारले, "आमच्या ह्यांचं काही कळलं का गं वरून?"

"सर्व क्षेम आहे," चिचुंद्री म्हणाली.

खोऱ्याची गाऱ्हाणीही याच वाटेने वर जात. दरबाऱ्यांचे रेडे कुरणातून उतरून बिळे तुडवतात, परवा एका सशिणीची सगळी वीण चिरडली गेली, हे धामण आणि विरोळा दोघेही वर जाऊन अगदी एका सुरात सांगत. वरच्या तोंडाशी ऐकायला एक वटवाघूळ टांगलेले असे. तेही जुन्या रीतीचे होते. ते सारखे तेवढे छाटून टाकी आणि उरलेले तरसाच्या कानी घाली. तरस दरबारात उभा राहून हसत सांगे की खोऱ्यातून आता एकही तक्रार येत नाही. गवा डुलत डुलत पाणी पिई.

मग दूरच्या कुठल्या डोंगरांत पाऊस झाला आणि तळे भरू लागले. पठारावर आभाळ कोरडे होते, त्यामुळे दरबाराने पाण्याकडे पाहिले तेव्हा ते बांधाच्या काठाला लागले होते. बांध फुटला असता तर पहिला दरबार वाहून गेला असता. तरसाने सगळी दारे एकदम उघडायला सांगितली.

खडकातल्या मुंगसाने दारे सरकण्याचा आवाज ऐकला. त्याने धामण आणि विरोळा भुयारात शिरताना पाहिले. दोघेही शेजारी शेजारी, सरळ, एकच शब्द घोकत होते. त्या क्षणी त्याचा सगळा मुरलेला राग आंबला. इतके दिवस तो ज्या शांततेची मजा चाखत होता, ती आता त्याच्या पिलांवर जाऊन कोसळणार होती.

तो भुयाराकडे धावला. पहारेकरी कुत्र्याने त्याचे शेपूट धरले. मुंगसाने अर्धे शेपूट त्याच्या तोंडात सोडले आणि आत घुसला. आत घोष चालला होता. सर्व क्षेम आहे, सर्व क्षेम आहे. त्या आवाजातून रक्त गाळत तो धावत राहिला, आणि धावताना त्याने जेवढ्या शिव्या दरबाराला दिल्या त्याहून जास्त स्वतःला दिल्या.

तो खालच्या तोंडाशी पोहोचला तेव्हा निरोप एकदा सांगून झाला होता. निरोप दोनदा सांगण्याची रीत होती. पहिल्या खेपेला चिचुंद्रीने नेहमीप्रमाणे छाटले होते, आणि उरलेले सांगण्याआधी ती दुसऱ्या खेपेची वाट पाहत होती. समोर पात्र दुपारच्या उन्हात पसरले होते. मुंगसाने आपले बीळ ओळखले. बिळाच्या तोंडाशी त्याची पिले वाळूत लोळत होती, बायको त्यांच्यावर डाफरत होती.

त्याच्या गळ्यापर्यंत एकच शब्द आला होता, पळा. त्याच्या जागी कोणत्याही बापाच्या गळ्यात तोच आला असता. पण पळा हा धामणीचाच शब्द होता. तो ओरडला तर दोघांच्या ऐवजी तिघे सारखे बोलत आहेत, एवढेच होणार होते. चिचुंद्री तेही छाटणार होती, आणि तिच्या हाकेशिवाय खोऱ्यात कोणी हलणार नव्हते. तिला समजावीत बसायला वेळ नव्हता. तशीही ती समजावलेले ऐकत नसे.

मुंगसाने विरोळ्याची मान धरली आणि त्याला उजव्या दगडावरून खाली फेकले. मग तो स्वतः दगडावर चढला.

धामणीने त्याला पाहिले. तिचे सगळे अंग एकदम जागे झाले. "आलास होय," ती फुत्कारली. "मला वाटलं मेलास."

"तुला मारल्याशिवाय कसा मरेन," मुंगूस म्हणाला. "बोल. निरोप बोल."

ती त्याला चावू शकली असती. अंतर तेवढेच होते. पण वैरी समोर असताना धामणीला आपले काम फार नीट करता येत असे, आणि तिने श्वास घेतला. मुंगसाला तो श्वास पाठ होता. वर्षानुवर्षे त्याने दुसरे काहीच इतके मन लावून ऐकले नव्हते. तिची जीभ हलली त्याच क्षणी त्याचीही हलली.

"दारे उघडली आहेत," धामण म्हणाली. "पात्र सोडा."

"दारे उघडलेली नाहीत," मुंगूस ओरडला. "पात्र सोडू नका."

त्याचा आवाज खाली पात्रात गेला. पिलांनी बापाचा आवाज ओळखला. त्यांनी माना वर केल्या, बाप काय म्हणतो ते ऐकले, आणि शहाण्यासारखी बिळात खोल शिरून बसली. मुंगसाने ते पाहिले. आयुष्यात त्याने पुष्कळ विरुद्ध शब्द वाहून आणले होते, पण आजच्या शब्दाला वजन होते. आता सगळे एका वासाड्या, अर्धवट आंधळ्या चिचुंद्रीच्या हाती होते.

चिचुंद्रीने दोन्ही शब्द शेजारी ठेवले. दोघांवर भुयारातली जी धूळ सारखी होती ती झटकून टाकली. बऱ्याच दिवसांनी तिच्या हातात काहीतरी भांडणारे आले होते. ती खोऱ्याकडे वळली, आणि सबंध खोऱ्याला ऐकू जाईल अशी तिची तीक्ष्ण हाक उठली.

"पाणी! पात्र सोडा!"

बिळे फुटल्यासारखे सगळे बाहेर आले. चिचुंद्रीच्या पिलांनी आपल्या रीतीप्रमाणे एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरल्या. ती पुढे आणि मागे त्यांची ओळ, अशी ती उतारावर चढली. मुंगसाची बायको पिलांना मानगुटीला धरून आळीपाळीने वर फेकत होती. दरबाऱ्यांच्या कुरणाचे कुंपण आडवे आले, ते साळिंदरांनी मोडले. पाणी वळसा घालून आले तेव्हा पात्रात फक्त बिळे होती, आणि तीही क्षणभरच.

वाचलेल्यांनी मुंगसाचे आभार मानले नाहीत. सगळ्यांनी आपापल्या कानांनी ऐकले होते की तो पात्र सोडू नका म्हणाला. धापा टाकत ते त्याच्याकडे पाहत आणि तोंड फिरवत. एका सशाने त्याला दगड मारला.

"पोरांना हलू नका म्हणालात ना तुम्ही?" त्याच्या बायकोने विचारले.

"म्हणालो."

ती पिलांना घेऊन कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मुंगूस भुयाराच्या तोंडाशी, आपल्या उजव्या दगडावर एकटा राहिला. डाव्या दगडावर धामण होती. विरोळा वर परत गेला होता, ती गेली नव्हती. तू का थांबलीस असे कोणी तिला विचारले असते तर ती म्हणाली असती की हा माझ्या तोंडातून सुटता कामा नये.

विरोळ्याने वर जाऊन काय सांगितले असेल ते सहज कळण्यासारखे आहे. पाणी ओसरले तसा दरबाराचा हुकूम खाली निघाला. तो लांबलचक होता. भुयाराच्या सुधारणेमुळे खोरे वाचले, धामण आणि विरोळा यांचे एकमत धन्य होय, कुरणात शिरलेल्यांनी ताबडतोब पात्रात परत जावे, आणि भर संकटात खोटा शब्द बोलणाऱ्या मुंगसाचे कातडे सोलून ते भुयाराच्या वरच्या तोंडाशी टांगावे. हुकूम आणायला विरोळा होता, आणि त्याच्याबरोबर त्याचा एक धाकटा भाऊ. मुंगूस आणि धामण यांनी दगड सोडले नव्हते, म्हणून ते दोघे दगडांच्या पायथ्याशी, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, उभे राहिले आणि एका आवाजात, एकही शब्द मागेपुढे न होऊ देता, शेवटपर्यंत बोलले. कुरणातून सगळे कान टवकारून पाहत होते.

चिचुंद्री ऐकत होती. तिने सुधारणा छाटली, एकमत छाटले, कुरण छाटले, पात्र छाटले. मुंगसाचे कातडेही छाटले. विरोळ्याच्या अंगावर नव्या चरातून सांडलेले तेवढे हाती उरले, ते तिने खोऱ्याकडे तोंड करून सांगितले.

"सर्व क्षेम आहे."

सगळे पुन्हा गवत खाऊ लागले. विरोळा आणि त्याचा भाऊ थोडा वेळ वाट पाहत उभे राहिले. वर दगडांवर धामणीने मान उंचावली, मुंगसाच्या अंगावरचे केस उभे राहिले, आणि एकमेकांवरची नजर न काढता दोघे खाली उतरून हळूहळू एकमेकांभोवती फिरू लागले. चिचुंद्रीने विरोळ्याकडे पाठ केली आणि आपले दोन्ही कान त्यांच्याकडे वळवले.